"काहीच खात नाही ओ मॅडम ही"

मागच्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या कसबा बावड्यातनं एक आई आली, कडेवर १४ महिन्यांची पोरगी आणि मागोमाग सासूबाई, ज्यांना ती आत्या म्हणते. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "काहीच खात नाही ओ मॅडम ही, काय करू सांगा," आणि डोळ्याला पदर लावला. मी मुलांच्या आहाराचा सल्ला देते, ही काळजी माझ्याकडं दर आठवड्याला येते म्हणून लिहितेय, ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

आधी अंगणवाडीचं कार्ड बघितलं. जन्माचं वजन २ किलो ७००, आता ८ किलो ४००, वजनाचे ठिपके सगळे हिरव्या, म्हणजे ठीक वाढीच्या पट्ट्यात. पण जावेचा मुलगा त्याच वयाचा आणि साडेदहा किलोचा, मग घरात रोज तुलना. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात या वयाच्या मुलीचं मधलं वजन ९.४ आहे हे खरं, पण ७.४ च्या वर असेल तर ती हिरव्यातच धरतात. आणि पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या तिप्पट होतं तसं दुसऱ्या वर्षात होत नाही, दोन-अडीच किलोच वाढतं, म्हणून पहिल्या वाढदिवसानंतर भूक कमी झालेली दिसते. हे आयांना आधी कुणीतरी सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं.

मग तिनं मोबाईलवर जेवणाचा व्हिडिओ दाखवला. पोरगी समोरच्या टीव्हीत गुंग, आत्यांनी मांडीत घट्ट धरलेली, चमचा ओठांपाशी. पोरगी तोंड मिटते, मान वळवते, चमचा मान वळेल तिकडं जातो, शेवटी ती रडायला तोंड उघडते आणि तेवढ्यात घास आत. मी तिथंच थांबवून म्हटलं, बघा, मान वळवली तेव्हा तिनं सांगितलं की पुरे.

दिवसभराचं काय काय जातं ते कागदावर लिहायला लावलं तर खरी गोष्ट कळली. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध, उकळून, बाटलीनं, दिवसातनं चारदा, एकूण जवळजवळ ८०० मिली, वर दुधात बुडवलेली बिस्किटं. पोट भरलेलंच होतं ओ तिचं! या वयाला चारपाचशे मिली खूप झालं, जास्त दुधानं जेवण मागं पडतं आणि रक्तातलं लोहही कमी होतं, म्हणून मुलांच्या डॉक्टरांकडं हिमोग्लोबिन बघायला पाठवलं.

आत्या गप्प होत्या. नंतर हळूच म्हणाल्या, "माझा थोरला लहानपणी जुलाबानं पार वाळला होता, तवापासनं मला भ्या वाटतं." त्या चमच्यामागं हे होतं. त्यांना कुणी दोष देऊ नये.

त्यांना मी क्लारा डेव्हिस यांचं काम सांगितलं. अमेरिकेतल्या या बालरोगतज्ज्ञ, १९२० च्या दशकात नुकतं दूध सोडवलेल्या बाळांवर त्यांनी काम सुरू केलं, पुढं शिकागोत १५ मुलं होती. यादीत ३४ साधे पदार्थ, फळं, भाज्या, धान्य, अंडी, मांस आणि दूध; साखर मात्र अजिबात नाही. त्यातले काही प्रत्येक जेवणाला समोर ठेवायचे आणि नर्सनं नुसतं बसायचं, बाळानं हात केला तरच चमचा द्यायचा. कुणी एकाच जेवणात वाट्टेल तेवढी केळी खाल्ली, कुणी दुसरंच काही, पण सगळी चांगली वाढली. मुडदूस (ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होणं) झालेल्या एका बाळानं समोर ठेवलेलं कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे ड जीवनसत्त्व असलेलं माशाचं तेल, बरं होईपर्यंत आपणहून घेतलं. पण १९३९ साली डेव्हिसबाईंनी स्वतःच लिहिलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. म्हणजे ताटात काय ठेवायचं ते आपण बघायचं, किती खायचं ते बाळावर सोडायचं. बिस्किटं समोर ठेवून पोरीवर सोडलं तर ती बिस्किटंच खाणार.

मग ठरलं ते एवढंच. दूध दोनदा, पेल्यानं. टीव्ही बंद. सगळ्यांच्या पंगतीत तिची छोटी ताटली, तिखट घालायच्या आधी काढलेली मुगाची आमटी, त्यात कुस्करलेली भाकरी, मऊ अंडं, पिकलं केळं. वीस मिनिटांनी ताटली उचलायची, रागवायचं नाही, मागं लागायचं नाही. ताप, जुलाब किंवा वजनाची रेघ खाली वळली तर मात्र माझी वाट न बघता डॉक्टर.

पहिले चार दिवस वाईट गेले, आईचा रोज फोन, "आज दोनच घास." हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं.

तीन महिन्यांनी परत आल्या, ८ किलो ९५०. पोरीच्या मुठीत भाकरीचा पापुद्रा होता, तो ती स्वतः चघळत होती, अर्धा आत्यांच्या पातळाला पुसलेला. रात्रीची बाटली अजून सुटलेली नाही, त्यावर पुढच्या भेटीत बोलायचंय.