चिपमध्ये काय ठेवायचं आणि काय नाही

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत मेमरी कार्डाचीच, म्हणजे ज्याला आपण चिप म्हणतो त्याचीच, पत्रं जास्त आहेत. दिवाळीत नवे फोन घेतले गेले आणि आता ते भरायला लागले, त्याचा हा परिणाम असावा. मी चिपळूणला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते. खाली लिहिलेलं बरंचसं काउंटरवर बघितलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलाने दिवाळीत ६४ जीबीचा नवा फोन घेऊन दिला. दुकानदाराने सोबत १२८ जीबीची चिप दिली. ती घातल्यावर फोनने दोन पर्याय विचारले, एक 'फोन स्टोरेज' आणि दुसरा 'पोर्टेबल स्टोरेज'. चुकीचं दाबलं जाईल म्हणून मी चिप काढून कपाटात ठेवली. आता फोन 'स्टोरेज फुल्ल' म्हणतो. परवा नातवाच्या गॅदरिंगचा व्हिडिओ काढताना मध्येच बंद पडला. कोणता पर्याय दाबू?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : गुरुजी, 'पोर्टेबल स्टोरेज' दाबा. न दाबता चिप काढून ठेवलीत तेही बरंच झालं, कारण दुसरा पर्याय दाबून बसलेली माणसं मला दर महिन्याला भेटतात.

'फोन स्टोरेज'ची सोय अँड्रॉइडमध्ये २०१५ साली सहाव्या आवृत्तीपासून आली. सगळ्या कंपन्या ती देत नाहीत, तुमच्या फोनमध्ये आहे. ती निवडली की फोन आधी चिप पुसून कोरी करतो आणि मग तिला स्वतःच्याच मेमरीचा भाग मानतो. जागा वाढलेली दिसते, ॲप्सही तिकडे जातात. पण त्यावर लिहिलेलं सगळं तो कुलूपबंद करतो आणि त्या कुलपाची किल्ली त्याच फोनच्या आत राहते. ती चिप दुसऱ्या फोनमध्ये घाला, कॉम्प्युटरला लावा, काहीही वाचता येत नाही. फोनचा बोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, गेला तर किल्लीही गेली.

कुंभार्ली घाटातून माल नेणारे एक ट्रकवाले दादा गेल्या पावसाळ्यात आले होते. फोन भिजून बंद पडलेला. चिप मात्र त्यांनी सिमच्या रिकाम्या पाकिटात जपून आणली होती. "फोन जाऊ दे ताई, पोरीचे फोटो चिपमध्येच आहेत," म्हणाले. मुलीचं पहिलं वर्ष होतं त्यात. चिप चांगली होती, कार्ड रीडरला (चिप कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) लावल्यावर कॉम्प्युटरने ओळखलीही. पण ती 'फोन स्टोरेज' केलेली होती. बोर्ड जिवंत करायला मी चार दिवस धडपडले, नाही झाला. त्या दादांना 'नाही' म्हणताना मला फार वाईट वाटलं. फोन घेताना दुकानदाराने एक वाक्य सांगितलं असतं तर ते फोटो आज असते.

याच्या अगदी उलट अनुभव २२ जुलै २०२१ च्या पुरानंतरचा. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझंही दुकान बुडालं. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेले फोन पिशव्यांतून घेऊन यायचे. पेठमापातल्या एका आजींचा फोन उघडला तर आतून गाळ निघाला, बोर्ड हिरवा पडलेला. ट्रे चिमट्याने ओढून काढला. चिप स्वच्छ पाण्याने धुतली, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल, लगेच उडून जाणारं स्पिरिट) पुसली, एक दिवस कोरड्या कापडावर ठेवली आणि रीडरला लावली. धाकट्या मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो जसेच्या तसे. चिप अखंड साच्यात बसवलेली असते, त्यामुळे पाणी सहजी आत जात नाही. फोनचं तसं नसतं. ती चिप साधी, 'पोर्टेबल' होती, म्हणून कुठल्याही यंत्रात वाचता आली.

दुसरं कारण वेगाचं. चिपवर ॲप चालवलं की फोन अडखळतो. फोनमध्ये बसणाऱ्या साध्या चिपचा वेग, ज्याला यूएचएस-१ म्हणतात, तो कितीही भारी चिप घेतली तरी सेकंदाला १०४ एमबीच्या वर जात नाही, आणि प्रत्यक्षात लिहिताना त्याहून बराच कमी मिळतो. आजच्या मध्यम किमतीच्या फोनची आतली मेमरीसुद्धा याच्या कैकपट वेगवान असते. ॲप आतच राहू द्या, विशेषतः बँकेचं आणि यूपीआयचं.

आता जागा कशी मोकळी करायची ते. ६४ जीबीतले पंधरा-वीस जीबी फोनची सिस्टीम आणि आधीपासूनची ॲप्सच खातात. बाकीचं फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप. 'पोर्टेबल' निवडून झालं की कॅमेरा उघडा, सेटिंगमध्ये जा आणि 'स्टोरेज लोकेशन'मध्ये 'एसडी कार्ड' निवडा. यापुढचे फोटो थेट चिपमध्ये पडतील. जुन्यांसाठी फाईल मॅनेजर उघडायचा, आतल्या मेमरीतलं 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर शोधायचं आणि त्यातलं चिपवर 'कॉपी' करायचं. 'मूव्ह' नको. कॉपी झाल्यावर चिपवरचे चार-दोन फोटो आणि एक मोठा व्हिडिओ उघडून बघा, नीट चालले तरच आतले पुसा. मूव्ह करताना मध्येच फोन बंद पडला की अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं.

व्हॉट्सॲपचं दुखणं वेगळं. त्यात येणारे फोटो-व्हिडिओ आतल्या मेमरीतच उतरतात, ते थेट चिपवर उतरवायची सोय व्हॉट्सॲपमध्ये नाही. हाताने चिपवर हलवलेत तर चॅटमध्ये तो फोटो उघडत नाही. म्हणून जे ठेवायचं ते चिपवर कॉपी करून घ्या, मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. पाच एमबीपेक्षा मोठ्या फाईली आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेलं तिथे वेगळं काढून दाखवलेलं असतं. सुप्रभातचे व्हिडिओ आधी पुसा. गुरुजी, तुमचा फोन त्यानेच अर्धा हलका होईल.

तुम्ही शिक्षक आहात, हिशेब बघणारच, म्हणून आधीच सांगते. १२८ जीबीची चिप कॉम्प्युटरवर ११९ दिसेल. फसवणूक नाही ती. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने.

प्रश्न : मी ऑनलाइन चारशे रुपयांत १ टीबीचं कार्ड मागवलं. फोनमध्ये १ टीबीच दिसतं. पण सहलीचे व्हिडिओ टाकल्यावर सुरुवातीचे चालतात, नंतरचे नुसते करड्या चौकोनासारखे दिसतात. फोन खराब आहे का?
— एक विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : फोन चांगला आहे, कार्ड बनावट आहे. आत बहुधा १६ किंवा ३२ जीबीची मेमरी असेल. कार्डाच्या आत एक छोटा कंट्रोलर असतो. आपल्याकडे किती जागा आहे हे तोच फोनला सांगतो, आणि बनावट कार्डात त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. फोन विश्वास ठेवून लिहीत जातो. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं एक तर कुठेच जात नाही, नाही तर आधीच्यावरच लिहिलं जातं. फाईलचं नाव दिसतं, आत काही नसतं.

आत्ता लगेच जे व्हिडिओ चालतात ते दुसरीकडे कॉपी कर आणि त्या कार्डावर नवीन काही टाकू नकोस. मग तपास. कॉम्प्युटर असेल तर विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा लिनक्सवर 'एफ३' हे फुकट प्रोग्राम पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतात आणि खरी जागा किती ते सांगतात. मोठ्या कार्डाला बरेच तास लागतात, रात्री लावून झोपायचं. निकालाचा फोटो काढून ठेव, पैसे परत मागताना तोच कामाला येईल.

पुढचं कार्ड बिलासह घे, आणि १ टीबीची हौस नको. कॉलेजच्या वापराला १२८ पुष्कळ. वरची अक्षरं वाचून घाबरू नकोस. वर्तुळातला १० किंवा यू१ म्हणजे लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० एमबी, यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३०. फोन साधे एचडी व्हिडिओ काढत असेल तर यू१ चालतं, फोरके काढत असेल तर यू३ घे. ए१, ए२ ही खूण ॲप चालवण्यासाठी असते. वर गुरुजींना लिहिलंय ते वाच, तुला ती लागणार नाही.

प्रश्न : वडील जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या भजनांची रेकॉर्डिंग माझ्या जुन्या फोनच्या कार्डात होती. नव्या फोनमध्ये कार्ड घातलं तर 'कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा' असं येतं. दुकानात विचारलं तर म्हणाले, फॉरमॅट करून देतो. करू का? दुसरीकडे कुठेही कॉपी नाही.
— एक वाचक भगिनी, बार्शी

उत्तर : नाही, ताई. कोणी कितीही सांगितलं तरी फॉरमॅटला 'हो' म्हणू नका. ते कार्ड आत्ता फोनमधून काढा.

आधी कार्डाची मागची बाजू बघा. तिथे आठ सोनेरी पट्ट्या असतात. जुन्या फोनच्या ट्रेमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या कार्डावर त्या काळवंडतात. दुरुस्तीच्या दुकानातून कापसाच्या काडीवर थोडं आयपीए घ्या आणि एकाच दिशेने हलकेच पुसा. आयपीए नसेल तर मऊ खोडरबराने दोन-तीन हात, जास्त नाही. पाच मिनिटं वाळू द्या. मग ते जुन्या फोनमध्येच घालून बघा, तो सुरू होत असेल तर. त्यात चिप 'फोन स्टोरेज' केलेली असली तर फक्त तिथेच उघडेल आणि नव्या फोनमध्ये हाच मेसेज दिसेल. जुना फोन गेला असेल तर कार्ड रीडरने कॉम्प्युटरला लावा. कॉम्प्युटरही फॉरमॅट विचारेल किंवा 'दुरुस्त करू का' विचारेल. दोन्हीला 'कॅन्सल'.

फोल्डर दिसलं तर पहिल्यांदा भजनंच कॉपी करा, बाकीचं नंतर. कार्ड शेवटच्या घटकेला असलं तर किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. फोल्डर दिसलं नाही पण कार्ड ओळखलं गेलं, तर 'फोटोरेक' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. नाव फोटोचं असलं तरी आवाजाच्या फाईलीही काढतो. तो कार्डावर काही लिहीत नाही, नुसतं वाचतो. सापडलेलं कॉम्प्युटरवर उतरवायचं, त्याच कार्डावर नाही. फाईलींची मूळ नावं राहत नाहीत, एकेक ऐकून लावून घ्यावं लागेल.

कार्ड कुठल्याच रीडरला ओळखलं गेलं नाही, तर माझ्यासारख्या दुकानात उघडायला देऊ नका. एवढ्याशा तुकड्यात मेमरी आणि कंट्रोलर एकत्रच असतात. वरचं काळं आवरण खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या तारा जोडून वाचावं लागतं. ते काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं आहे, आणि खर्चाचं आहे. आधी लेखी अंदाज घ्या. मुंबई-पुण्याला अशी ठिकाणं आहेत.

आणि भजनं मिळाली की त्याच दिवशी तीन ठिकाणी ठेवा. एक पेनड्राइव्हवर, एक भावा-बहिणीच्या फोनवर, एक गुगल ड्राइव्हवर. कार्ड बिघडण्याआधी काही सांगत नाही. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कार्डातला विद्युतभारही हळूहळू गळतो. वडिलांचा आवाज नखाएवढ्या एकाच वस्तूवर सोडू नका. मिळाली तर मला जरूर कळवा, मी वाट बघते.

प्रश्न : माझ्या फोनमध्ये एक तर दुसरं सिम बसतं नाही तर कार्ड. बाजारात एकजण सिम घासून कार्डावर चिकटवून देतो. करून घेऊ का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : अजिबात नको. चिकटवल्याने जाडी वाढते, ट्रे आत अडकतो आणि ओढताना आतल्या पिना वाकतात. मग सिमही चालत नाही आणि कार्डही नाही. पिनांचं कनेक्टर बदलायचा खर्च नव्या कार्डाहून जास्त होतो. बँकेचा ओटीपी येणारं सिम तर काढूच नका. फोटोंसाठी पुढच्या उत्तरातला उपाय वापरा.

प्रश्न : नव्या फोनमध्ये कार्डाची जागाच नाही. आता काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : महागड्या फोनमधून ती जागा गेलीच. आयफोनमध्ये कधी नव्हती, सॅमसंगने २०२१ च्या गॅलेक्सी एस२१ पासून त्या मालिकेतून काढली. स्वस्त फोनमध्ये अजून सापडते. घेताना डब्यावर बघायला हवं होतं, पण आता इलाज आहे. दोन तोंडांचा पेनड्राइव्ह मिळतो, एक टोक सी-टाइप आणि एक साधं. महिन्यातून एकदा फोनला लावा, फाईल मॅनेजरमध्ये तो कार्डासारखाच दिसतो, फोटो कॉपी करा आणि काढण्याआधी 'इजेक्ट' दाबा. गुगलच्या फुकट १५ जीबीवर सगळा भार टाकू नका. त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो असं सगळंच मोजलं जातं, आणि फोटोंची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ लाच बंद झाली.