गोव्यात छोट्या शहरातले पोलीस निरीक्षक (पीआय) नागरिकांची बैठक बोलावतात. तिथे जावं का? त्यातून खरंच काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी कोल्हापूरहून गोव्यात आलात, भाड्याने राहता, पीआयने बोलावलेल्या बैठकीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय आणि तिथे नुसता चहा-सामोसा असतो की काही बोलणंही होतं, हे तुम्हाला कळत नाही.

चहा-सामोसा असतोच. तरीही जा.

मी गोवा पोलिसांतून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा भाग डिचोली, सत्तरी आणि पेडण्याच्या आतल्या गावांत गेला. म्हणजे जिथे देवळाचा फलक, नाटकाची जाहिरात, लग्नाची पत्रिका सगळं मराठीत असतं आणि भांडण मात्र कोकणीत होतं, त्या भागात. किनाऱ्यावरच्या पार्ट्या आणि पर्यटक हा वेगळा संसार आहे, त्यावर दुसऱ्या कुणी लिहावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काही घडायच्या आधी पीआय लोकांशी बोलत असेल तर त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही पोलिसांकडे नाही. घडून गेल्यावर मात्र तोच पीआय 'बसून मिटवूया' म्हणायला लागला तर सावध व्हा.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला एक फरक लगेच जाणवत नाही. गोव्यात पोलीस पाटील नाही. तंटामुक्त गाव मोहिमेसारखं, 2007 साली तुमच्याकडे गावोगाव समित्या उभ्या राहिल्या तसं, इथे काही झालं नाही. पोर्तुगीज अमदानीत रेजिदोर, म्हणजे गावावर नेमलेला सरकारी माणूस, असायचा, मुक्तीनंतर पंचायती आल्या आणि तो गेला. त्यामुळे ठाणं आणि गाव यांच्यामध्ये उरतात ते बीटवरचा शिपाई आणि वॉर्डाचा पंच, म्हणजे पंचायत सदस्य. शिपाई बहुधा पलीकडच्याच गावचा, कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी भाचा. यामुळे खबर पटकन येते, आणि तितक्याच पटकन बाहेरही जाते. नाव गुप्त ठेवायचं असेल तर शिपायाला सांगू नका, थेट पीआयला भेटा आणि 'माझं नाव कुठे येता कामा नये' असं स्वच्छ शब्दांत सांगा. शहाणा अधिकारी ते पाळतो, कारण एकदा नाव फुटलं की त्या वाड्यावरून पुढची दोन वर्षं कुणी तोंड उघडत नाही.

या भागात पीआयचा सगळ्यात जास्त वेळ खाते ती जत्रा. बाहेरच्यांना वाटतं चोऱ्या, मारामाऱ्या, दारू. ते असतंच. पण माझ्या टेबलावर सगळ्यात जाड फायली होत्या त्या देवस्थानांच्या मानपानाच्या. पालखीला पहिला खांदा कुणाचा, तरंगं (देवाचे सजवलेले खांब) कुणी धरायची, देवाला कौल कुणी लावायचा. दोन गट, दोन्हीकडे जुने कागद, दोन्हीकडे वकील, आणि दोन्ही गटांतल्या बायका एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या.

मान कुणाचा हे ठरवायचा अधिकार पोलिसांना नाही. देवस्थानांचा कारभार अजूनही पोर्तुगीज काळातल्या, 1933 च्या महाजनी कायद्यावर चालतो आणि त्यात देवस्थानांचा प्रशासक मामलेदार असतो. हे पीआयने पहिल्या वाक्यात सांगून टाकलं की निम्मी हवा जाते. मी म्हणायचो, 'मान तुमचा की त्यांचा ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. मला एवढंच सांगा, गेल्या वर्षी पालखी कुठे अडली आणि अडवणारा पहिला माणूस कोण?' हक्काबद्दल विचारलं तर चारशे वर्षांचा इतिहास ऐकावा लागतो. गेल्या वर्षीचं विचारलं तर जागा आणि नाव मिळतं.

दोन गटांना पहिल्याच दिवशी एका खोलीत कधी बसवायचं नाही. समोरासमोर आले की प्रत्येकाला आपल्या माणसांपुढे मर्दुमकी दाखवावी लागते. आधी वेगवेगळं भेटायचं, शक्यतो ठाण्याबाहेर. गटाचा पुढारी कितीही तावातावाने बोलला तरी त्याच्या मागे गप्प बसलेला एक म्हातारा असतो, सगळे त्याच्याकडे बघून बोलतात. त्याच्या घरी जायचं. 'आजोबा, यंदा काय करूया?' एवढंच विचारायचं. मग मामलेदाराच्या कार्यालयात एकत्र बैठक, आणि तिथे जे आधीच ठरलंय ते वाचून सह्या. तुम्हाला बैठकीत जे दिसतं ते बहुतेक वेळा हे शेवटचं पान असतं. म्हणून ती कंटाळवाणी वाटते. ज्या बैठकीत पहिल्यांदाच विषय निघतो आणि खुर्च्या सरकतात, तिथे आधीचं काम झालेलं नसतं.

सह्यांसोबत दोन्हीकडून स्वयंसेवकांची नावं घ्यायची. ज्याचं नाव कागदावर आहे तो जत्रेच्या रात्री सहसा दारू पिऊन येत नाही. तरीही पेटेल असं दिसलं तर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, आहेच. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 107 कलमाखाली व्हायची, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 126 खाली होते. कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे शांतता राखण्याचा बाँड द्यावा लागतो. पण जत्रेच्या तोंडावर गावच्या मानकऱ्यांना बाँडसाठी उभं केलं की ते पोरांच्याही लक्षात राहतं, तेव्हा हा उपाय शेवटचा.

दुसरा विषय नाटक. जत्रेला रात्रभर नाटक हवंच, दशावतारी असो की गावच्या नाट्यमंडळाचं संगीत नाटक. आणि ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे: उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमच्या गावची जत्रा त्या यादीतल्या दिवशीच येईल असं थोडंच आहे! पालखी देवळात परतायलाच अकरा वाजतात. एका बैठकीत मंडळाचा सेक्रेटरी उठून म्हणाला, 'सायबा, नाटक धा वरांचेर बंद केल्यार सुरू केन्ना करप?' (दहाला बंद केलं तर सुरू कधी करायचं?) सगळं सभागृह हसलं, मीही हसलो, पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आवाजाच्या प्रकरणांत पोलिसांना अनेकदा फैलावर घेतलंय, तेव्हा 'चालू द्या' म्हणणं पीआयला परवडत नाही.

त्या गावात शेवटी निघालेला तोडगा मी सुचवलेला नव्हता. नाटक पालखीच्या आधी, संध्याकाळी सातला, पदांना कात्री, आणि पालखीनंतर देवळाच्या बंद सभागृहात ध्वनिक्षेपकाशिवाय भजन. म्हाताऱ्या रसिकांनी कपाळाला हात लावला. कात्री लावलेलं संगीत नाटक बघायला मलाही आवडत नाही. पण तोडगा मंडळाचाच असल्यामुळे आवाज बंद करायला मला कुणाला पाठवावं लागलं नाही.

3 मे 2025 च्या पहाटे शिरगावात लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले. तेव्हा मी नोकरीत नव्हतो. पण यापुढे कुठल्याही जत्रेच्या बैठकीला तुम्ही गेलात तर मानपानाच्या आधी वाटेचं विचारा. येणारे आणि जाणारे एकाच अरुंद वाटेने का? दुकानांचे स्टॉल त्या वाटेत किती पुढे येणार? रुग्णवाहिका आत कुठून शिरणार? हे प्रश्न नागरिकाने विचारले आणि बैठकीच्या इतिवृत्तात आले की मग कुणाला 'आमच्या लक्षात आलं नाही' म्हणता येत नाही.

नरकासुराच्या रात्रीबद्दल थोडंच लिहितो. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात नाक्यानाक्यावर नरकासुर उभे राहतात आणि पहाटे जाळेपर्यंत डीजे वाजतो. पोरांना ठाण्यात बोलावून समज दिली की ती 'होय सर' म्हणतात आणि रात्री अडीचला आवाज दुप्पट करतात. सांगाडा बांधत असतात तिथे जाऊन बोललं तर थोडा फरक पडतो. विचारायचं एकच, 'बटण बंद करणारा कोण?' आणि तो नंबर वहीत. डीजेची यंत्रणा जप्त केली की एखाद्या पुढाऱ्याचा फोन येतो, तो येणारच. फोन घ्यायचा, ऐकायचं, पावती फाडायची.

आता तुमच्याशी थेट संबंध असलेला विषय. बैठकीत कुणीतरी उठून 'भायल्यां'वर, म्हणजे बाहेरून आलेल्यांवर, बोलणार हे नक्की. भाडोत्री वाढले, कोण कुठला कळत नाही, चोऱ्या तेच करतात. गावचा माणूस चोरी करत नाही अशी गावाची ठाम समजूत असते. ठाण्यातली रजिस्टरं वेगळं सांगतात. सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या गृहस्थाच्याच चाळीत एका खोलीत आठ मजूर असतात आणि त्यातल्या एकाचाही पडताळणीचा फॉर्म ठाण्यात आलेला नसतो, असं मी इतक्या वेळा पाहिलंय की पुढे पुढे मी बैठकीला जाताना फॉर्मचा गठ्ठाच सोबत नेऊ लागलो. भाषण संपलं की शांतपणे त्याच्या हातात द्यायचो. तुम्ही वाद घालायला उठू नका. मजुरांच्या वस्तीत रात्री दिवे नाहीत, पगाराच्या दिवशी त्यांना लुटतात, हे सांगणारा कुणी नसतो. ते सांगितलंत तर पीआयच्या उपयोगाचं होईल.

बायका बैठकीत मागच्या रांगेत बसतात आणि बोलत नाहीत. बैठक संपली, मी जीपकडे निघालो की दोघी-तिघी वाटेत उभ्या असायच्या. कोणत्या दुकानामागे मटका घेतात, शाळेच्या कुठल्या पोराकडे गांजा आहे, कुणाचा नवरा रोज मारतो, हे सगळं मला जीपच्या दारापाशी कळलं. म्हणून जो पीआय भाषण आटोपून लगेच गाडीत बसतो, त्याला गाव कधी समजत नाही. महिला मंडळाच्या बैठकीला महिला उपनिरीक्षकाला एकटीला पाठवलं तर आणखी उत्तम, साहेब नसले की बोलणं मोकळं होतं. हेही लक्षात असू द्या की जबाबासाठी स्त्रीला, पंधरा वर्षांखालच्या किंवा साठीपुढच्या माणसाला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. नव्या संहितेचं कलम 179.

सायबर फसवणुकीवर हल्ली प्रत्येक बैठकीत दहा मिनिटं जातात, ती जाऊ देत. पैसे गेले की ताबडतोब 1930, आणि व्हिडिओ कॉलवर कुणी पोलीस अटक करत नसतो, एवढं शेजारच्या म्हाताऱ्यांना सांगा.

आता सावध राहायच्या भागाकडे. गुन्हा घडलाय, तुम्ही तक्रार घेऊन गेलात, आणि तुम्हाला सांगतात, 'अहो, एकाच गावात राहायचंय, उद्या दोघं या, समजावतो.' कधी हा सल्ला खरंच भल्याचा असतो: बांधाचा वाद, कुत्र्याचा वाद, शिवीगाळ. पण मारहाण, चोरी, बाईवरचा अत्याचार, जमिनीचे खोटे कागद यांत समजावणं म्हणजे टोलवणं. आणि या गोड बोलण्याची धार नेहमी गरीब पक्षाकडे असते, कारण उद्याची मजुरी बुडवून ठाण्यात यायला लागतं ते त्यालाच. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. आता नव्या संहितेच्या 173 कलमाप्रमाणे हद्द कुणाचीही असली तरी नोंद करावी लागते आणि प्रत फुकट मिळते. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, तेवढी सवलत आहे. तक्रार मराठीत लिहा, चालते. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेतच नसतील तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, त्यानंतर दंडाधिकारी. पोलिसांच्या गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण पणजीत आहे.

आणखी एक अडचण बदल्यांची. ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षं एका जागी ठेवावं असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात सांगितलं होतं. प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्या ठाण्यातल्या पीआयच्या नावांच्या फलकावर तारखा वाचून कळेल. नवा साहेब आला की गाव पुन्हा पहिल्यापासून सांगत बसतं. म्हणून बैठकीत गेल्या वेळचं इतिवृत्त वाचून दाखवा, असं पहिल्यांदा म्हणा. नसेल तर आजचं लिहायला सांगा.

बैठक पंचायतीच्या सभागृहात असेल तर थोडं आधी जा, पंचांशी ओळख होईल. ठाण्यातच असेल तर संपल्यावर लगेच निघू नका, लोक पांगेपर्यंत थांबा आणि पीआयचा सरकारी मोबाइल नंबर मागून घ्या. आणि घरमालकाने तुमचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्म दिलाय का ते आजच बघा, कारण 'तुम्ही कुठे राहता?' हा पहिला प्रश्न तुम्हालाच येणार आहे.