वाचक विचारतात : मागच्या बाकावरचा सदस्य नेमके करतो काय?

मागच्या बाकावरचा, म्हणजे मंत्री किंवा पक्षनेता नसलेला सदस्य. विधिमंडळ आणि संसदेच्या कामकाजावर गेल्या अंकात आलेल्या लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

आमच्या आमदारांच्या कार्यअहवालात पाच वर्षांत शेकडो तारांकित प्रश्न विचारल्याचे छापले आहे. एवढ्यावरून त्यांचे सभागृहातले काम चांगले म्हणायचे का? – एक वाचक, नाशिक

आकड्यावर जाऊ नका. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे तो. महाराष्ट्र विधानसभेची अशा प्रश्नांची छापील यादी हातात घेतली, की एकाच प्रश्नाच्या डोक्यावर दहा-दहा, वीस-वीस आमदारांची नावे दिसतात. सारख्या विषयावरच्या सूचना एकत्र केल्या जातात आणि प्रश्न सगळ्यांच्या खात्यावर जमा होतो. मसुदा एकाने केला, पाठपुरावा दुसऱ्याने केला आणि अहवालात तो विसाव्यानेही छापला, असे सर्रास घडते.

पाहायचे ते प्रश्नाचे अंग. त्याचा साचा ठरलेला असतो: “(१) अमुक तालुक्यातील पाझर तलावाच्या दुरुस्तीचे काम रखडले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” उत्तरही ठरलेलेच येते: “(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.” पहिला भाग ढिला असला की खाते एका ‘नाही’त सुटते. तलावाचे नाव, कार्यादेशाची तारीख आणि मंजूर रक्कम पहिल्याच भागात घालणाऱ्या सदस्याला “हे खरे नाही” असे लिहून देणे अवघड जाते. मग “हे अंशतः खरे आहे” असे उत्तर येते. यातल्या ‘अंशतः’ शब्दापाशी जुना सदस्य थांबतो, कारण उपप्रश्न (उत्तरावर तिथल्या तिथे विचारायचा प्रश्न) तिथूनच निघतो: खरा अंश कोणता आणि खोटा कोणता, एवढे सांगा.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात. एका सदस्याचा एका दिवशी एकच प्रश्न तारांकित यादीत येऊ शकतो. प्रश्नोत्तराच्या तासाभरात साधारण चार-सहा प्रश्न तोंडी होतात. उरलेल्यांची उत्तरे लेखी पटलावर जातात आणि उपप्रश्नाची संधी हुकते. त्यामुळे अहवालात ‘विचारलेले प्रश्न’ असतील, तर त्यांतले सभागृहात पुकारले गेले किती, हे विचारा. मूळ प्रश्नकर्त्याला प्रथेनुसार दोन उपप्रश्न मिळतात. नवखा सदस्य एका उपप्रश्नात चार गोष्टी कोंबतो. मंत्री त्यांतली सर्वांत सोपी उचलून तिचेच उत्तर देतो आणि अध्यक्ष पुढचे नाव पुकारतात.

एक गोष्ट मात्र अहवालात हमखास नसते, ती म्हणजे आश्वासने. “तपासून पाहू”, “विचाराधीन आहे” असे मंत्री सभागृहात बोलले, की ते आश्वासन म्हणून नोंदवले जाते. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आहे आणि पूर्ततेची मुदत तीन महिन्यांची. आपल्या प्रश्नातून किती आश्वासने निघाली आणि त्यांतली किती पुरी झाली, हे सांगणारा अहवाल कोणी काढला, तर तो जरूर जपून ठेवा.

सत्ताधारी पक्षाच्या मागच्या बाकावर बसून सरकारला अडचणीत आणता येते का? की ते काम विरोधकांचेच? – एक वाचक, पुणे

येते, आणि त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण फिरोज गांधींचे आहे. रायबरेलीचे काँग्रेस खासदार, पंतप्रधानांचे जावई, मंत्रिपद कधीच नाही. पहिली काही वर्षे ते फारसे बोललेही नाहीत. १९५५च्या डिसेंबरात मात्र खासगी विमा कंपन्यांमधले गैरव्यवहार त्यांनी सभागृहात मांडले. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघून आयुर्विमा धंदा सरकारकडे आला आणि १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. राष्ट्रीयीकरण एका भाषणाने झाले असे म्हणणे भाबडेपणाचे, पण त्यासाठी लागणारी सामग्री त्या भाषणाने कार्यवृत्तात आणून ठेवली होती, हे निर्विवाद.

पुढच्याच वर्षी त्याच महामंडळावर त्यांना बोट ठेवावे लागले. जून १९५७ मध्ये महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. मुंबईची रिचर्डसन अँड क्रुडास त्यांतलीच एक. यावरचा पहिला प्रश्न फिरोज गांधींचा नव्हताच. सप्टेंबरात तो डॉ. राम सुभग सिंह यांनी विचारला, तेही काँग्रेसचेच. उत्तर गुळमुळीत आले. नोव्हेंबरअखेरीस विषय पुन्हा प्रश्नोत्तरांत आला, तेव्हाही समाधान झाले नाही. मग १६ डिसेंबर १९५७ ला चर्चा झाली.

तिथे फिरोज गांधींनी काय केले, हे आजच्या सदस्यांनी मुळातून वाचावे. विशेषणे थोडी, तारखा आणि भाव जास्त. खरेदीच्या आधीच्या दिवसांत बाजारात कोणता समभाग कितीला होता आणि महामंडळाने तो कितीला उचलला, हे त्यांनी ओळीने मांडले. भाव चढलेल्या दिवशीच खरेदी का, आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी का विचारले नाही, असे दोन प्रश्न त्यातून आपोआप उभे राहिले. मंत्र्याच्या हेतूवर शिंतोडे उडवले असते, तर हरकतीचे मुद्दे निघून अर्धा वेळ गेला असता. भावांच्या तक्त्यावर हरकत घेणार कशी?

जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत खुली सुनावणी घेतली आणि महिन्याच्या आत अहवाल दिला. अर्थखात्याच्या सचिवाने केले म्हणून मंत्र्याला हात झटकता येत नाहीत, हे त्यात स्पष्ट झाले. फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले.

या क्रमाकडे लक्ष द्या: प्रश्न, अपुरे उत्तर, पुन्हा प्रश्न, मग चर्चा. आधीच्या दोन उत्तरांमुळे सरकार स्वतःच्याच शब्दांत अडकलेले होते. थेट चर्चेची मागणी केली असती, तर “माहिती घेतो” म्हणून विषय तिथेच मिटला असता. उत्तर अपुरे वाटले तर आजही लोकसभेत अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. तीन दिवस आधी नोटीस, सोबत कारणे सांगणारी टीप आणि आणखी किमान दोन सदस्यांच्या सह्या लागतात. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी शेवटचा अर्धा तास त्यासाठी असतो. मतदान नसते, म्हणून पक्षादेशाची (व्हिपची) भीतीही नसते. सत्ताधारी बाकावरच्या जुन्या सदस्याला हे हत्यार सोयीचे पडते ते त्यामुळेच.

सभागृहातल्या आरोपांची बातमी छापली तर वर्तमानपत्रावर खटला होऊ शकतो का? – एक वार्ताहर, लातूर

सदस्याला संविधानाच्या अनुच्छेद १०५ चे संरक्षण आहे, आमदाराला १९४ चे. वर्तमानपत्राला ते आपोआप नव्हते. ती उणीव १९५६ साली एका अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या) विधेयकाने भरून काढली आणि ते विधेयकही फिरोज गांधींचेच. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला, १९७७ मध्ये पुन्हा आला, आणि ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-अ म्हणून संविधानात जाऊन बसला. अटी दोन: वृत्तांत मूलतः खरा हवा आणि छापण्यामागे दुष्ट हेतू नको. अध्यक्षांनी वगळलेला मजकूर छापला तर मात्र ही ढाल पुढे करता येईल, असे समजू नका. संध्याकाळी बातमी देण्याआधी काय वगळले, याची खात्री करून घ्या.

गणपतराव देशमुखांसारख्या छोट्या पक्षाच्या आमदाराला बोलायला वेळ तरी किती मिळत असेल? – एक वाचक, सांगोला

गणित करून पाहा. कामकाज सल्लागार समिती चर्चेला तास ठरवून देते आणि ते पक्षांच्या संख्याबळानुसार वाटले जातात. २०१४ च्या विधानसभेत २८८ पैकी गणपतरावांच्या शेतकरी कामगार पक्षाचे ३ आमदार होते. दहा तासांच्या चर्चेत तीन जणांच्या वाट्याला मिळून सव्वासहा मिनिटे. तालिकेवरचे अध्यक्ष (अध्यक्षांच्या गैरहजेरीत त्यांच्या जागी बसणारे सदस्य) ज्येष्ठ सदस्याला थोडी सवलत देतात, पण तो त्यांचा चांगुलपणा, सदस्याचा हक्क नव्हे.

म्हणून असा सदस्य जिथे पक्षाचे संख्याबळ मोजले जात नाही तिथे जोर लावतो: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना (खात्याने खर्चासाठी मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव), विधेयकावरच्या कलमवार दुरुस्त्या. दुरुस्ती ज्याने दिली, त्याला ती मांडताना बोलू द्यावेच लागते. कलमवार वाचनाच्या वेळी सभागृह ओस पडलेले असते आणि नियम माहीत असलेला एकटा माणूस तिथे बरेच काही घडवू शकतो.

गणपतराव १९६२ ते २०१४ या काळात सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले; १९७२ आणि १९९५ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. १९७८ आणि १९९९ च्या सरकारांतले मंत्रिपद सोडले, तर सारी कारकीर्द विरोधी बाकांवरची. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी हा विषय त्यांनी सभागृहात आणि आटपाडीच्या पाणी परिषदेतही धरून ठेवला. एकच विषय इतकी वर्षे लावून धरण्याचा फायदा असा, की खात्याचे सचिव बदलतात, मंत्री बदलतात. मागच्या उत्तरात काय कबूल केले होते, हे फक्त या सदस्याला ठाऊक असते.

बॅ. नाथ पै यांचे घटनादुरुस्ती विधेयक मंजूर झालेच नाही. मग त्याचे एवढे कौतुक का? – एक वाचक, सावंतवाडी

२७ फेब्रुवारी १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा निकालाने ठरवले, की मूलभूत हक्क कमी करणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. राजापूरचे खासदार नाथ पै विरोधी बाकांवरून, प्रजा समाजवादी पक्षाकडून, त्याच वर्षी विधेयक घेऊन उभे राहिले: अनुच्छेद ३६८ खाली संसद कोणतीही तरतूद बदलू शकते, हे स्पष्ट लिहा. विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि त्यावर लांबलचक चर्चा झाली. समाजवाद्यांमध्येही एकमत नव्हते. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झाले. १८ जानेवारी १९७१ ला नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती आणली, ती मुख्यतः याच धाग्याची. १९७३ च्या केशवानंद भारती निकालात ती टिकली, पण संविधानाच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घालूनच. नाथ पैंची भूमिका बरोबर होती की नाही, यावर वाद घालायला आजही जागा आहे. आम्हाला स्वतःला न्यायालयाने घातलेली मर्यादा योग्य वाटते.

अशासकीय विधेयक अडते कुठे, तेही पाहा. एक महिन्याची नोटीस. घटनादुरुस्ती असेल तर आधी अशासकीय विधेयक समितीची छाननी. मग सोडतीत नंबर लागला पाहिजे. चर्चा शुक्रवारी शेवटचे अडीच तास, जेव्हा निम्मे खासदार मतदारसंघाच्या वाटेवर असतात. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते, म्हणजे आजच्या ५४३ च्या सभागृहात किमान २७२ मते. पक्षादेशाशिवाय शुक्रवारी दुपारी एवढी डोकी जमवून दाखवा! स्वातंत्र्यानंतर आजवर जेमतेम १४ अशासकीय विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. मंत्र्याचे आश्वासन कार्यवृत्तात आले, की जुने सदस्य विधेयक मागे घेतात. तो सौदा ठरवूनच केलेला असतो.

कपात सूचना फक्त शंभर रुपयांची का असते? – एक वाचक, डोंबिवली

शंभर रुपयांची सूचना ही लाक्षणिक कपात: खात्याविरुद्ध एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडण्यासाठी. खात्याचे धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना देतात. काटकसर हवी असेल तर कमी करायची नेमकी रक्कम लिहावी लागते. सूचना मंजूर झाली तर सरकार कोसळण्याची वेळ येते, म्हणून ती मंजूर होत नाही. गाऱ्हाणे मांडून झाले, की काम झाले.

जुन्या सदस्यांची भाषणे अभ्यासायची आहेत. कुठून सुरुवात करू? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तारखेपासून. लोकसभेचे जुने वादविवाद संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत, पण छापील पानांवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात नावे हमखास चुकतात. नाव टाकून शोधाल तर निम्मी भाषणे निसटतील. आधी वर्तमानपत्रातून किंवा चरित्रातून तारीख काढा, मग त्या दिवसाचे पूर्ण कामकाज उघडा. नावापुढे कंसात मतदारसंघ छापलेला असतो, त्यावरून खात्री होते. जुन्या खंडांत पानाला दोन रकाने असतात आणि क्रमांक रकान्यांना दिलेले असतात. संदर्भ देताना रकाना क्रमांकच लिहा. पहिल्या लोकसभेच्या काळात प्रश्नोत्तरे आणि बाकीचे कामकाज वेगवेगळ्या भागांत बांधलेले आहे. एक भाग पाहून “त्या दिवशी ते बोललेच नाहीत” असा निष्कर्ष काढू नका.

महाराष्ट्रासाठी विधान भवनातले ग्रंथालय आणि विधानमंडळाचे संकेतस्थळ. १९६२ च्या निवडणुकीतून आलेली विधानसभा अधिकृत मोजणीत दुसरी आहे, कारण राज्य स्थापनेच्या वेळची सभा पहिली धरतात. इथे एकाचा फरक पडला की चुकीचे अधिवेशन उघडते. ‘असुधारित प्रत’ असा शिक्का असलेल्या पानांवरून अवतरण देऊ नका. त्या प्रतीत सदस्याच्या दुरुस्त्या झालेल्या नसतात आणि वगळलेला भागही काही वेळा तसाच असतो. मजकुरात नुसत्या फुल्या दिसल्या तर तो भाग वगळलेला आहे. ‘अडथळा’ किंवा ‘व्यवधान’ लिहिले असेल तर गोंधळात बोलणे नोंदवले गेलेले नाही. आणि भाषणाआधीची चार-पाच पानेही वाचा. सदस्य कोणाला उत्तर देत होता, हे तिथे सापडते.