टायटॅनियम तेच, मग बोन प्लेटची ऑर्डर घ्यायला काय हरकत?

गोव्यात वेर्ण्याला विमानाचे टायटॅनियम पार्ट करता, आता कोणी बोन प्लेट आणि स्क्रू, म्हणजे मोडलेलं हाड जोडायची पट्टी आणि तिचे स्क्रू, मागतंय, मटेरियल तेच मग अडचण कसली, असा तुमचा प्रश्न. अडचण मशीनमध्ये नाहीच आहे.

आणि मटेरियलही अगदी तेच नाही हां. दोन्हीत ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम हे खरं, पण शरीरात घालायला सहसा ईएलआय, म्हणजे जास्त शुद्ध असा ग्रेड २३ मागतात, त्यात ऑक्सिजन ०.१३ टक्क्यावर चालत नाही, विमानाच्या नेहमीच्या ग्रेड ५ ला ०.२० पर्यंत सूट आहे. रॅकवर उरलेला बार कापायचा मोह नको.

मशीनिंग तुम्हाला येतंच. खरा घोळ पार्ट मशीनवरून उतरल्यावर. आमचा पहिला लॉट चवथीच्या आधी द्यायचा म्हणून घाईत केला, मापं परफेक्ट, सीएमएम म्हणजे माप तपासायच्या मशीनचा रिपोर्ट ओके, आणि पंधरा दिवसांत ट्रे परत! ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यातून, काढल्यावर स्क्रूच्या डोक्यात, षटकोनी खाचेच्या कोपऱ्यात, राईपेक्षा बारीक तांबूस ठिपके. आता टायटॅनियम कुठे गंजतं? गंजलं होतं ते आमच्या स्टीलच्या चिमट्याचं आणि फिक्स्चरचं, म्हणजे पार्ट धरायच्या साच्याचं, लोखंड, घासून वर चिकटलेलं. विमानाचे पार्ट आमच्याकडून पुढे पिकलिंगला, म्हणजे ॲसिडने वरचा थर काढायला, जायचे म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं. तेव्हापासून फिक्स्चर वेगळे, ट्रे प्लास्टिकचे, अल्ट्रासोनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी, धुवायचं आणि मग नायट्रिक ॲसिडमध्ये पॅसिव्हेशन, म्हणजे वर चिकटलेलं लोखंड विरघळवून टाकायचं.

फिनिशचं तर उलटंच गणित. विमानात ओरखडा म्हणजे क्रॅकची सुरुवात, म्हणून आपण गुळगुळीत करत सुटतो. पण कृत्रिम खुब्याचा जो दांडा (स्टेम) मांडीच्या हाडात बसतो, त्यावर हाड धरायला हवं तिथे मुद्दाम खरखरीत किंवा सच्छिद्र ठेवतात, ते आता थ्रीडी प्रिंटिंगनेही करतात. उलट जी प्लेट नंतर काढायची ती खरखरीत ठेवलीत तर हाड तिला धरून बसणार आणि काढताना सर्जन तुमच्या नावाने बोंब मारणार. त्यामुळे ड्रॉइंगवर फिनिश लिहिलेला नसेल तर विचारा, अंदाजाने करू नका.

विमानाच्या कामाच्या एएस ९१०० या क्वालिटी स्टँडर्डमुळे हीट नंबर (धातूच्या ओतीचा नंबर) जपायची सवय असेल ती कामाला येईल, पण इथे आयएसओ १३४८५, म्हणजे वैद्यकीय उपकरणांचं स्टँडर्ड, मागतात, आणि स्वतःच्या नावाने विकायचं तर सीडीएससीओचं, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचं लायसन्स, कारण हे क्लास सी या जास्त जोखमीच्या गटात येतं. दुसऱ्यासाठी जॉबवर्क की स्वतःच्या नावाचा माल, ते आधी ठरवा.

आणि लॉट पाठवण्याआधी वीसेक पीस ओळखीच्या डेंटिस्टच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून ठिपके येतात का ते बघा. आम्ही म्हापशाला नेतो, एका संध्याकाळचं काम.