झांजेची झळाळी गेली कुठे?

प्रश्न: आम्ही देवगड तालुक्यात राहतो. मुलगा अकरावी सायन्सला आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून तो वाडीतल्या भजनाचं रेकॉर्डिंग करतो. ऐकताना मात्र कुणी फोनवर गातंय असं वाटतं. त्याचे बाबा म्हणतात, मोबाइलवर याहून बरं होतं, मग अभ्यास सोडून हे कशाला? यात पुढे काही आहे का?

उत्तर: ताई, बाबांचे कान बरोबर आहेत, निष्कर्ष तेवढा घाईचा आहे. आवाज फोनसारखा येतो, कारण माप फोनवरच्या बोलण्याचंच आहे. लिनक्सवर रेकॉर्डिंग करणाऱ्या 'अरेकॉर्ड' या आज्ञेला काहीच सांगितलं नाही, तर ती सेकंदाला 8000 नमुने (म्हणजे आवाजाची तितक्या वेळा मोजणी), प्रत्येक नमुना 8 बिट, मोनो (एकच चॅनेल) असं रेकॉर्ड करते. त्यात नमुन्यांच्या निम्म्या, म्हणजे 4000 हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. बुवांचे शब्द कळतात, पण झांज पत्र्यासारखी वाजते. आज्ञा सुरू होताच ही मापं पडद्यावर छापून येतात. ती ओळ मुलाने वाचलेली दिसत नाही.

त्याला हे द्या (इथे देवनागरीत आहे, टाइप रोमनमध्ये करायचं):

अरेकॉर्ड -डी प्लगएचडब्ल्यू:1,0 -एफ एस16_एलई -आर 48000 -सी 1 -व्ही मोनो भजन.वाव

म्हणजे 16 बिट, सेकंदाला 48000 नमुने, मोनो. यातला डी आणि व्ही कॅपिटल. छोटा डी म्हणजे किती सेकंद. इथे हमखास गफलत होते. 1,0 हा साउंडकार्डाचा आणि त्यातल्या उपकरणाचा क्रमांक, तो 'अरेकॉर्ड -एल' (एल छोटा) दिलं की कळतो. यूएसबी माइक काढून लावला तर क्रमांक बदलू शकतो, म्हणून दर वेळी बघायचा. नुसतं 'एचडब्ल्यू' लिहिलं आणि कार्डाला ते माप जमत नसलं, तर आज्ञा अडून बसते. 'प्लगएचडब्ल्यू' रूपांतर स्वतःच करून घेतं.

व्हीमुळे पातळीची पट्टी दिसते. पखवाजाच्या सगळ्यात जोरकस थापेलाही ती 70-80 टक्क्यांच्या आत राहू दे. पातळी 'अल्सामिक्सर' या आवाज कमी-जास्त करायच्या प्रोग्रॅममध्ये एफ4 दाबून बसवायची आणि 'माइक बूस्ट' शक्यतो शून्यावर ठेवायचा, नाहीतर मागे सूं सूं येते. फाटलेला आवाज नंतर काही केल्या शिवता येत नाही. आवाज मधूनच खरखरला तर आधी जॅक पुसा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तो लवकर काळा पडतो.

राहिली लाइट. वाव फाइलची खरी लांबी रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मधेच लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली, तर फाइल नीट उघडत नाही. म्हणून आज्ञेत 'मॅक्स-फाइल-टाइम' 600 (सेकंद) द्यायचा, म्हणजे दर दहा मिनिटांनी नवी फाइल. जागा तासाला साधारण 345 एमबी लागते.

आता पुढचं. एवढी आज्ञा येते म्हणून कुणी नोकरी देणार नाही, आणि स्टुडिओतलं बरंचसं काम खिडक्या-बटणांच्या सॉफ्टवेअरवरच चालतं. पण नमुने, बिट, पातळी यांचं गणित तिथेही हेच. आणि माणूस शेजारी नसताना चालणारं रेकॉर्डिंग, मग ते प्रसारणाचं असो की आंबोलीच्या जंगलातल्या बेडकांचं, अशाच आज्ञांवर उभं करता येतं. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र. तेव्हा हा विषय सोडायचा नाही. माझा कल बीएस्सी भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडे आहे. त्यातून आवाज आणि संगणक, दोन्ही वाटा उघड्या राहतात.

दिवाळीपर्यंत त्याला एकच काम द्या: डबलबारीचं (दोन बुवांच्या भजनी सामन्याचं) सलग तीन तासांचं रेकॉर्डिंग, पडद्यावर एकदाही 'ओव्हररन' (लॅपटॉप मागे पडल्याची सूचना) न येता. जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा ठेवला की तो येतो आणि तेवढा तुकडा गळतो. शेजारी वहीत, कुठलं माप का घेतलं ते दोन ओळींत लिहायचं. बारावीनंतरच्या प्रवेशाचं बोलायला याल तेव्हा ती वही सोबत आणा, आणि बाबांनाही.