स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क शिकतोयस? आधी त्याचा सोर्स कोड उघड
अरे, स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कुठून कुठून आली त्याची यादी, लांबलचक आला म्हणून घाबरू नकोस, सरळ खाली जा आणि शेवटचं 'कॉज्ड बाय' वाच, खरं दुखणं बहुतेक वेळा तिथंच असतं. जुनं ट्युटोरियल स्प्रिंग बूट 3 वर चालवलंस तर डेटाबेससाठीचे जावाएक्स डॉट पर्सिस्टन्सचे इम्पोर्ट फुटणारच, तिथे आता जावाएक्सच्या जागी जकार्ता हे नाव लागतं, आणि जावा 17 तरी हवंच. बाकी, डेटाबेसचे बदल सगळे एकत्र व्हावेत नाहीतर एकही नको असं सांगणाऱ्या ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनोटेशनवर माझे दोन दिवस गेलेत, त्याच क्लासमधून आपलीच मेथड कॉल केली की कॉल प्रॉक्सीतून, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या स्प्रिंगच्या मध्यस्थातून, जातच नाही, एरर नाही काही नाही, फक्त रोलबॅक होत नाही, म्हणजे बदल मागे घेतले जात नाहीत, आणि अर्धवट डेटा टेबलात पडून राहतो. हे मला कोर्सने नाही, सोर्सने दाखवलं. ट्रान्झॅक्शन-इंटरसेप्टर या स्प्रिंगच्या क्लासच्या इन्व्होक मेथडवर ब्रेकपॉइंट (डीबगरचा थांबा) टाक आणि बघ, तिथे थांबतंय का ते.