पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर आरओ मशीन द्यावं का?
तुम्ही विचारलंय की मित्रमंडळींनी वर्गणी काढली आहे, नाशिक जिल्ह्यातल्या पेठकडच्या पाड्याला पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन भेट द्यावं का. माझं मत, नको. आरओ क्षार काढायला असतो, आणि त्यात बरंचसं पाणी वाया जातं. तिथली अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात धो-धो पाऊस, पण खाली काळा कातळ आणि वर उतार, त्यामुळे पाणी वाहून जातं आणि उन्हाळ्यात बायका विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरतात. वाया घालवायला पाणी आहे कुठे? शिवाय वीज, फिल्टर, दुरुस्ती. वर्षभरात मशीनवर कोंबड्या बसतील!

त्यापेक्षा विहिरीतला गाळ काढा, कठडा बांधा, वर जाळी टाका. साठवण टाकी द्या. मग जंतू मारायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर: १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम, आधी बादलीत कालवून वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून बघायच्या चाचणीत, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. घरोघरी तोटीचा पिंप दिलात तर हात बुडवणंही टळेल.

आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी बघणाऱ्या माणसाला भेटा, सरकारच्या जलजीवन मिशनची नळयोजना मंजूर आहे का तेही विचारा.